करोडपती, राहणार बदलापूर

माणूस करोडपती झाला की त्याच्या चालण्यात फरक पडतो, असं ऐकून होतो. माझ्या चालण्यात जो काही फरक पडला तो गुडघ्यामुळे, कारण मी करोडपती झालोय हे मला कुणी कळवलंच नव्हतं. बातमी आणली भाच्याने. हा ऐरोलीला आयटीत आहे, आणि रविवारी आमच्याकडे जेवायला आला की पानं वाढेपर्यंत बसल्या बसल्या दुसऱ्यांचे पैसे मोजतो.

‘मामा, तुमची नेटवर्थ किती?’

मी म्हटलं, ‘एक तारखेला बरी असते. आज पंचवीस आहे.’

त्याने मोबाइलवर कसलंसं ॲप उघडलं आणि प्रश्न विचारायला लागला. फ्लॅट किती स्क्वेअर फूट, पीएफच्या पैशांची एफडी केवढ्याची, पोस्टात काय आहे, मामीचे दागिने किती तोळे. मी सांगत होतो, चुकलो की स्वयंपाकघरातून मामी दुरुस्त करत होती, आणि शेवटी भाच्याने मोबाइल माझ्या नाकासमोर धरून जाहीर केलं, ‘एक कोटी चार लाख. मामा, तुम्ही सेल्फ-मेड करोडपती आहात!’

आतून हिचा आवाज आला, ‘त्या करोडपतींना म्हणावं, गिरणीत दळण टाकलंय, ते घेऊन या.’

दळण आणलं. पण डोक्यात ते ‘सेल्फ-मेड’ बसलं ते बसलंच. अंबरनाथच्या एका कारखान्यात उभा जन्म हिशेबनीस म्हणून काढलेला माणूस मी. दुसऱ्याचे लाखो रुपये पैशापर्यंत जुळवून दिलेत, स्वतःच्या पाकिटातली पन्नासची नोट कुठे गेली ते मात्र कधी सांगता आलं नाही. अशा माणसाने एक कोटी केले कसे? रात्री सगळे निजल्यावर मी जुनी वही काढली, पानाच्या मधोमध रेघ मारली, डावीकडे लिहिलं ‘मालमत्ता’ आणि उजवीकडे ‘कर्तृत्व कोणाचं’.

पहिली नोंद फ्लॅटची. हा मी नव्वदच्या दशकात घेतला. खरं तर घर बघायला अंबरनाथलाच उतरायचं होतं, पण लोकलमध्ये खिडकी मिळाली, डोळा लागला, आणि जाग आली ती बदलापूरला. परतीच्या गाडीला पाऊण तास होता, ऊन मी म्हणत होतं, आणि स्टेशनबाहेर एका बिल्डरने मांडव घालून येणाऱ्या-जाणाऱ्याला कोकम सरबत ठेवलं होतं. दुसरा ग्लास फुकट मागायचा तर काहीतरी विचारायला हवं म्हणून मी भाव विचारला, आणि तिसऱ्या ग्लासाला बुकिंगचा चेक लिहून दिला. सीएसएमटीपासून अडुसष्ट किलोमीटरवर घर घेतलं म्हणून सासरे वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. आज एजंट त्याच घराचे बावन्न लाख सांगतो. हल्ली मुलं क्लास लावून शिकतात म्हणे, झोपेत पैसे कसे कमवायचे ते. मी ते तेव्हाच करून बसलो होतो.

बरं, मधल्या काळात या भावासाठी मी काही केलं म्हणावं, तर तेही नाही. फ्लॅट पश्चिमेला, तळमजल्यावर. 26 जुलै 2005 ला उल्हास नदी स्वतः येऊन घर बघून गेली. स्वयंपाकघरापासून बेडरूमपर्यंत सगळं नीट फिरून पाहिलं तिने. 2019 च्या जुलैत महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मधे पुरात अडकली, हजारभर प्रवाशांना होड्यांतून बाहेर काढलं, साऱ्या देशाने टीव्हीवर बदलापूर पाहिलं, आणि त्याच आठवड्यात एजंटने फोनवरून माझे तीन लाख कमी केले. दिवाळीत पुन्हा चार वाढवले. या सगळ्या चढउतारात माझा वाटा एवढाच की मी पाणी उपसलं. उजवीकडे लिहिलं, ‘रेल्वे, एजंट, कोकम सरबत’.

दुसरी नोंद पीएफ. हा आपल्याला न विचारता कापतात, म्हणूनच साठतो. एकदा मी तो काढायला निघालो होतो, पण अर्जावरची माझी सही कंपनीत ठेवलेल्या सहीशी जुळेना. तीनदा केली. तीन वेगवेगळ्या माणसांच्या सह्या झाल्या. अर्ज परत आला आणि पैसा वाचला. उजवीकडे लिहिलं, ‘खराब अक्षर’.

तो पैसा मला हवा कशाला होता, तर सागवानासाठी. आठवत असेल तुम्हाला, नव्वदच्या दशकात पेपरात पान-पानभर जाहिराती यायच्या, आज हजार रुपयांचं एक सागाचं झाड घ्या, वीस वर्षांनी पोरीचं लग्न त्यातच उरका. आमचे वडील अंबरनाथच्या विमकोत, स्वीडिश कंपनीने काढलेल्या त्या काड्यापेटीच्या कारखान्यात कामाला होते. लाकडाच्या बारीक काड्यांवर त्यांनी पाच माणसांचं घर चालवलं. मला वाटलं, बाबांनी काडीवर एवढं केलं, तर आपण अख्ख्या झाडावर काय नाही करणार! पीएफ मिळाला नाही तेव्हा पतपेढीचं कर्ज काढलं. घरी सर्टिफिकेट आलं. फिकट हिरवा जाड कागद, कडेने सागाच्या पानांची नक्षी, आणि मधोमध माझ्या झाडांचे नंबर.

पुढे एकदा झाडं बघायला मुरबाडच्या पलीकडे एका माळावर गेलो. राखणदाराने विचारलं, ‘नंबर काय तुमचा?’ मी सर्टिफिकेट दाखवलं. त्याने खिशातून खडू काढला, समोरच्याच झाडावर तो नंबर लिहिला आणि म्हणाला, ‘साहेब, झाड झकास निवडलंत.’ मी त्या झाडाला टेकून फोटोही काढून घेतला. 1999 साली सेबीने असल्या सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी नियम केले. तोवर कंपनीच्या ऑफिसवरची पाटी उतरली होती आणि माझी झाडं बहुधा कुणाच्या तरी दिवाणखान्यात उभी होती. वडिलांनी लाकडावर घर चालवलं, मी लाकडावर घालवलं. एक कोटी चार लाखांच्या त्या अख्ख्या यादीत, कुणाच्याही मदतीशिवाय, संपूर्णपणे माझ्या बुद्धीने केलेली नोंद ही एकच. रक्कम शून्य.

तिसरी नोंद सोन्याची, आणि इथे मला पेन खाली ठेवावंसं वाटलं. 2000 साली दहा ग्रॅमला साडेचार हजारांच्या आसपास भाव होता, तेव्हा मी हिला बसवून समजावलं होतं की सोनं ही मृत गुंतवणूक आहे, कपाटात पडून राहते, जगात पैसा फिरता ठेवावा लागतो. ती ‘हो’ म्हणाली. माझ्या घरात ‘हो’ याचा अर्थ विषय संपला, एवढाच होतो. मग ती सोसायटीतल्या बायकांच्या भिशीत गेली, नंबर लागला की एक वळं, कधी दोन ग्रॅम, असं मला न सांगता करत राहिली. 2025 च्या एप्रिलात सोनं दहा ग्रॅमला लाखावर गेलं. तेव्हा मला कळलं की दहा तोळे सोनं असलेली कुठलीही बाई दहा लाखांची, म्हणजे इंग्रजी हिशेबाने मिलियनेअर आहे, आणि त्यातली एक माझा डबा भरते. उजवीकडे लिहिलं, ‘ही’. ठळक अक्षरांत.

भाच्याला वही दाखवली तर म्हणाला, ‘मामा, कर्तृत्व सोडा, कोटी तर आहेत ना?’ तिथेही हिशेबनीस आडवा आला. 2000 साली ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झालं आणि हर्षवर्धन नवाथेंनी पहिला कोटी जिंकला, तेव्हा त्या शब्दाने अंगावर काटा यायचा. मीही एसटीडी बूथवर उभा राहून त्या कार्यक्रमाचा नंबर फिरवत असे. लागायचा तो एंगेज. आता इन्कम टॅक्सवाल्यांचा महागाई निर्देशांक बघा, 2001-02 ला 100 धरला तर 2025-26 ला तो 376 आहे. म्हणजे नवाथेंच्या कोटीच्या मापाने मी जेमतेम साडेसत्तावीस लाखांचा धनी. डॉलरमधला मिलियनेअर व्हायला तर नऊ कोटींच्या आसपास लागतात, तेवढी सागाची झाडं मुरबाडात मावणार नाहीत. आणि खरं सेल्फ-मेड म्हणायचं तर अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे. महिना दीड हजारावर शाळेत खिचडी शिजवणारी बाई, 2019 साली त्याच खुर्चीत बसून एक कोटी जिंकून गेली. आमच्या घरी तेव्हा पर्याय दिसायच्या आत उत्तरं ही देत होती. मी फक्त ‘लॉक करा’ म्हणायचो.

शिवाय हा कोटी हातात घ्यायचा कसा? फ्लॅट विकला तर बावन्न लाख येतील, पण राहायचं कुठे? बदलापुरात दुसरा घ्यायचा तर तोही बावन्नचा. थोडे पैसे सुटायला हवे असतील तर वांगणीला जावं लागेल. ते संपले की शेलू, मग नेरळ, भिवपुरी, कर्जत. अशी श्रीमंती उपभोगत गेलो तर शेवटच्या दिवसांत मी खंडाळ्याच्या घाटात असेन.

एवढं सगळं कळूनही मी गप्प बसायला हवं होतं. पण भाच्याने जाता जाता लिफ्टपाशी सेक्रेटरींना सांगितलं, आणि सेक्रेटरी गणपतीतल्या सत्कारासाठी माणूस शोधतच होते. दहावीची मुलं झाली, रक्तदाते झाले, यंदाचा विषय ‘स्वकर्तृत्वावर मोठे झालेले सभासद’. मी आढेवेढे घेतले. पुरेसे नाही घेतले.

सत्काराला कोट हवा म्हणून उल्हासनगरला गजानन मार्केटात गेलो. सेल्फ-मेड माणसं बघायची तर या गावासारखं गाव नाही. फाळणीनंतर सिंधमधलं सगळं सोडून आलेली लाखभर माणसं कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत येऊन पडली, 8 ऑगस्ट 1949 ला राजगोपालाचारींच्या हस्ते त्या छावणीचं उल्हासनगर झालं. लष्कर गेलं, पण कॅम्प नंबर एक ते पाच अजून पत्त्यात आहेत. दुकानातले म्हातारे शेठ स्टुलावर बसून रबर बँडांची गुंडाळी करत होते. त्यांचे वडील लोकलमध्ये पापड-गोळ्या विकायचे, यांनी शर्ट विकले, मुलाचा आता जीन्सचा कारखाना आहे.

मी भारावून म्हटलं, ‘म्हणजे शेठ, तुम्ही खरे सेल्फ-मेड!’

‘कसला सेल्फ साहेब? बाबांना पहिला माल उधार दिला तो दुसऱ्याने, शिवणारे कारागीर युपीचे, गिऱ्हाईक तुम्ही. आपला स्वतःचा म्हणाल तर हा स्टूल. तो पण भावाने दिला.’

‘पण एकूण किती झाले असतील?’

‘ते पोरगा बघतो. मी उधारी बघतो.’ आणि बोलता बोलता त्यांनी मला मरून रंगाचा एक ब्लेझर चढवला. बाह्या बोटांच्या टोकापर्यंत आल्या. ते म्हणाले, ‘बरोबर आहे. बडा आदमीला ढगळच शोभतो.’ बडा आदमी म्हटल्यावर भाव करता येईना. ब्लेझर, टाय आणि माझ्या मापाच्या नसलेल्या दोन पँटी घेऊन घरी आलो. हिने दार उघडलं, मला वरून खाली पाहिलं आणि विचारलं, ‘वरात किती वाजता आहे? ट्रम्पेट कुठंय तुमचं?’

सत्कार झाला. भाद्रपदातल्या घामात ब्लेझर पाठीला चिकटला होता, शाल त्यावर, हार शालीवर, नारळ हातात आणि बाही माइकमध्ये. बी विंगमधल्या एका पोराने विचारलं, ‘काका, यशासाठी तुम्ही नेमकं काय केलंत?’ घाबरून मी खरं तेच बोललो, ‘गाडीत झोपलो होतो.’ टाळ्यांचा कडकडाट झाला. एवढी नम्रता आमच्या सोसायटीने पूर्वी पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉचमनने मुलाच्या फीसाठी उचल मागितली, प्लंबरने नळाच्या वॉशरचा भाव वाढवला, आणि सेक्रेटरी पावतीपुस्तक घेऊन आले. दरवर्षीचे पाचशे एक माझ्यासारख्याला शोभणार नाहीत, असं कमिटीचं एकमत झालं होतं. आकडा त्यांनी आधीच लिहून आणला होता, अकरा हजार. मी मनातल्या मनात एक कोटी चार लाखांवरून नजर फिरवली. फ्लॅटमधली मोरी तेवढी काढून देता येत नाही, एफडी मोडली तर व्याज कापतात, पोस्टाचे पैसे पोस्ट म्हणेल तेव्हा, आणि सेव्हिंग खात्यात तीन हजार दोनशे. मी टायशी खेळत राहिलो.

हिने हरभऱ्याच्या डाळीचा डबा काढला, डाळीत कोपरापर्यंत हात घातला आणि भिशीच्या पाकिटातून अकरा हजार मोजून टेबलावर ठेवले. सेक्रेटरींनी पावती माझ्या नावाने फाडली, खाली ‘स्वकर्तृत्वावर मोठे झालेले’ असंही लिहिलं, आणि हात जोडून गेले.

दार लावता लावता ही म्हणाली, ‘पुढच्या गणपतीत गरीब राहा. तुमचं करोडपती होणं मला परवडत नाही.’