जावा विकणे आहे

जुनी जावा मोटरसायकल विकायला काढली की आधी गिऱ्हाईक येत नाही, परीक्षक येतात. ते किंमत विचारत नाहीत. उकिडवे बसून इंजिन नंबर वाचतात, टाकीवर टिचकी मारतात आणि खेदाने म्हणतात, "कार्ब्युरेटर ओरिजिनल नाही, काका."

नाहीच. सहा व्होल्टच्या मिणमिणत्या दिव्याला कंटाळून मी बारा व्होल्टचं वायरिंग केलं. कॉन्टॅक्ट पॉइंट घासत बसायला नको म्हणून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं. लांब सीट काढून एकट्यापुरती केली. म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला, तेव्हा उरलेले सुटे भाग पुण्याच्या जुन्या बाजारात हुडकले.

परीक्षकांनंतर येतात ती तरणी मुलं. त्यांना रंग आवडतो, फोटो निघतात. मग प्रश्न येतो, "किक कुठाय?" जावाचा गिअर हीच किक, हे समोर दाखवूनही कुणाला पटत नाही. दांडी आत दाबायची, वर उचलून मागे फिरवायची, मारायची. इंजिन सुरू झालं की पुढे आणायची, की झाला गिअर. शिवाय पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं म्हटल्यावर पोरगा "बाबांना विचारतो" म्हणून जातो.

सरकारदरबारीही पंचाईतच. २०२१च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपातली गाडीच विंटेज. माझी जावा वयाने बसते, रूपाने नाही. अर्थात बसली असती आणि तशी नोंदवली असती, तर प्रदर्शनं आणि रॅलीच नशिबी. मंडईतून भाजी आणता आली नसती.

शेवटी एक गृहस्थ आले. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "काढलेलं सामान ठेवलंय का?" मी माळ्यावरून पोतं उतरवलं. जुनी सीट, डायनॅमो, कार्ब्युरेटर पाहून त्यांचा चेहरा उजळला. माझी सगळी कारागिरी ते उलटी फिरवणार, हे उघड होतं. सौदा मात्र तिथेच ठरला. बाजार कंपनीने केलेल्याचे पैसे देतो, आपण केलेल्याचे नाही. आणि मला वाटतं, त्याचं बरोबरच आहे. माझ्या हौसेची भरपाई दुसऱ्याने का करावी?

तुमच्याकडे अशी गाडी असेल तर काढलेला एक बोल्टही भंगारात देऊ नका. आणि फॉर्म २९, ३०वर सह्या झाल्याशिवाय चावी हातातून सोडू नका.