अद्वैताच्या गावी शहापूरकर

बेळगावातल्या शहापूरचा माणूस कुठंही उतरला की आधी पाटी वाचतो. मराठीत आहे का? नसेल तर का नाही? कोचीच्या विमानतळापासून जवळच असलेल्या कालडीत मात्र त्याची पंचाईत होते. पाट्या मल्याळममध्ये, भांडायचं कुणाशी, आणि कुठल्या भाषेत?

हे आद्य शंकराचार्यांचं जन्मगाव. भेद दिसतो ती माया, हे ज्यांनी देशभर हिंडून पटवलं, त्यांच्या दारात आमची मंडळी उतरतात तीच दोन तट पाडून: बसच्या पुढच्या सीटवाले आणि मागचे. कांदा-लसूण न खाणाऱ्यांचे डबे वेगळे. "ब्रह्म एकच हो काका, पण चमचा तेवढा आमचा घेऊ नका."

नदीवरचा मगरीचा घाट सगळ्यांना आवडतो. मगरीनं बाळ शंकराचा पाय धरला आणि आईनं संन्यासाला होकार दिला, ती ही जागा. सेल्फी इथंच. पुढची कथा कुणी फारशी विचारत नाही. आई आर्यांबा गेली तेव्हा संन्याशाला अंत्यसंस्काराचा हक्क कसला, म्हणत भाऊबंदांनी हात वर केले. लेकानं एकट्यानं चिता रचली. शृंगेरी मठानं १९१० मध्ये इथं मंदिर उभं केलं, आणि आता त्याच माउलीच्या समाधीपुढं दिवा लावायला माणसं लांबून येतात.

भाऊबंद म्हणजे काय, हे शहापूरकराला वेगळं सांगायला नको. सामाईक भिंतीचा दावा बेळगावच्या कोर्टात चालू आहे. सोमवारची तारीख आहे, म्हणून परतीची घाई.