पोट आत, कमान मागे

वाळवंटात आपण अगदी एकटे आहोत असा फोटो हवा असेल, तर युटातल्या डेलिकेट आर्च या दगडी कमानीपाशी रांग लावावी लागते. माझ्या पुढे बरेच एकटे उभे होते.

माझा फोटो मनात कधीच काढून झाला होता. मी कमानीखाली, नजर ला साल डोंगरांवरच्या बर्फाकडे, चेहरा चिंतनमग्न, टोपी टक्कल झाकेल इतपत मागे. आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर नायगारापुढचा रेनकोटातला फोटो टाकला होता, त्याला हे उत्तर. नायगाराला काय, धबधब्यापर्यंत गाडी जाते. इथे जाऊनयेऊन तीन मैल, उघड्या खडकावरून पाचशे फुटांचा चढ आणि सावलीच्या नावाने आनंदीआनंद. शेवटी कड्यालगतची अरुंद वाट, तीही दोन्हीकडून वाहती.

पायथ्याशी वुल्फ नावाच्या माणसाचं लाकडी खोपटं आहे. यादवी युद्धात पायाला झालेली जखम ठणकायची, कोरड्या हवेत बरं वाटेल म्हणून १८९८ च्या सुमारास हा गृहस्थ ओहायो सोडून इथे आला. या कमानीचा सर्वांत जुना ज्ञात फोटो त्याच्या मुलीने, फ्लोराने, काढला असं सांगतात. तिला मागून कोणी ‘आटपा’ म्हणालं नसणार. बायकोला मात्र फ्लोरापेक्षा म्हाताऱ्याच्या पायाचं अप्रूप. नी-कॅप सारखी करत ती म्हणाली, “मग बरं वाटलं का त्यांना?”

पण मला खुद्द कमानीपेक्षाही प्रिय आहे ती १९५० च्या दशकातली एक सरकारी कल्पना. हा वालुकाश्म पाऊस, बर्फ, वाऱ्याने झिजतोय आणि एक दिवस कमान पडणार, हे उघड आहे. याच उद्यानातली वॉल आर्च २००८ च्या ऑगस्टमध्ये रातोरात कोसळली. तर राष्ट्रीय उद्यान खात्याने चक्क विचार केला होता, की डेलिकेट आर्चला पारदर्शक प्लास्टिकचा थर द्यावा काय? हे वाचलं आणि अमेरिका मला पहिल्यांदा आपली वाटली. आमच्या टीव्हीच्या रिमोटला पिशवी आहे, पिशवीला रबरबँड आहे. आतले आकडे दिसेनासे झाले तरी पिशवी निघत नाही, आम्ही अंदाजाने बातम्या लावतो. सोफ्याचं कव्हर खास पाहुण्यांसाठी काढायचं असतं, पण तेवढ्या योग्यतेचा पाहुणा अजून जन्माला यायचाय. वडिलांनी स्कूटर विकली तेव्हा इंजिन गेलं होतं, पत्रा गंजला होता, पण प्लास्टिकखालची सीट शोरूममधल्यासारखी. घेणाऱ्याने ते प्लास्टिक तिथल्या तिथे टरकावलं, तर वडील आत निघून गेले.

प्लास्टिकचा बेत अव्यवहार्य आणि उद्यानाच्या तत्त्वात न बसणारा म्हणून बारगळला. तत्त्व बरोबरच आहे. डोळ्यांदेखत झिजणारी गोष्ट झिजू द्यायची, याला मोठं मन लागतं. पण मला ज्याच्या डोक्यात तो थर आला त्याचं मन कळतं. हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन आम्ही पुढे ढकलतो आहोत. मी दर महिन्याला नवीन तेल आणतो.

कमानीसमोरच्या खडकाळ वाडग्याच्या काठावर ती पाय पसरून बसली होती. फोन पर्समध्ये. कमानीचा एक पाय मध्येच पार बारीक झालाय. ते बघून म्हणाली, “हिचाही गुडघा गेलाय हो. तरी उभी आहे बिचारी.” मी नंबरप्लेटीपासून मग्गांपर्यंत सगळीकडे ही कमान पाहिली होती, तो पाय माझ्या लक्षात आला नव्हता.

माझा नंबर आला. मी पोट आत घेतलं, श्वास रोखला, चिंतन चेहऱ्यावर आणलं. समोर लेक फोन धरून. एवढ्यात काठावरच्या गर्दीतून अस्सल मराठीत आरोळी आली, “काका, पुरे की आता! सूर्य चाललाय!” काका! आवाज चाळिशीच्या अलीकडचा नव्हता.

फोटो उत्तम आला. कमान तांबडीलाल, मागे बर्फ, आकाश स्वच्छ. मोकळी जागाच शेहेचाळीस फूट उंच, त्यामुळे तिच्या तळाशी मी एक ठिपका. टोपी, चिंतन आणि आत घेतलेलं पोट, सगळं त्या ठिपक्यात. रात्रीच ग्रुपवर टाकला. दुसऱ्या मजल्याचं उत्तर लगेच आलं: “अप्रतिम! खाली कोणीतरी मध्ये आलंय. हल्ली फोनमध्ये पुसता येतं, शिकवतो.”