बॅनर दोन्ही बाजूंनी छापावा

मा. तालुकाप्रमुख,
तालुका राजापूर (पक्ष कोणताही, गटही कोणताही)

स. न. वि. वि.

देशाला ऊर्जा किती हवी हे दिल्ली ठरवते. कोकणातला कुठला सडा त्यासाठी द्यायचा हे मुंबई ठरवते. दोघांचे काय ठरले, ते तालुकाप्रमुखाला दुसऱ्या दिवशीच्या पेपरात कळते. तोवर ‘प्रकल्प हटाव’चे बॅनर टांगून झालेले असतात. अशा वेळी होणाऱ्या पंचाइतीवर उपाय सुचवावा, म्हणून हा पत्रप्रपंच.

पंचाईत तशी जुनी आहे. तिची सुरुवात याच जिल्ह्यातल्या गुहागरात झाली. काँग्रेस सरकारच्या काळात, डिसेंबर १९९३ मध्ये, राज्य वीज मंडळाने एन्रॉनच्या दाभोळ कंपनीशी वीजखरेदीचा करार केला. १९९५ च्या प्रचारात एन्रॉन अरबी समुद्रात बुडवण्याची गर्जना झाली, शिवसेना-भाजप युती सत्तेवर आली आणि ऑगस्टमध्ये प्रकल्प खरोखरच रद्द झाला. पुढच्या जानेवारीत त्याच सरकारने तोच प्रकल्प नव्या अटींवर मंजूर केला. मे १९९६ मध्ये वाजपेयींचे सरकार तेरा दिवसांत गेले. विश्वासमत काही मिळाले नाही, पण जाता जाता एन्रॉनच्या प्रतिहमीवर मोहोर मात्र उमटवून गेले. पुढे वीज मंडळाला दर झेपेना, २००१ मध्ये केंद्र बंद पडले आणि त्याच डिसेंबरात अमेरिकेत एन्रॉनचेच दिवाळे निघाले. समुद्रात बुडवण्याची तसदी कोणत्याच पक्षाला घ्यावी लागली नाही! नंतर एनटीपीसी आणि गेलच्या कंपनीने केंद्र ताब्यात घेतले, तर गॅस पुरेना.

जैतापूरचे थोडक्यात सांगायचे तर सहा अणुभट्ट्या, ९,९०० मेगावॅट, सगळे कागदावर. एप्रिल २०११ मध्ये साखरी-नाटे येथे पोलिसांच्या गोळीबारात एक जण गेला, तो कागदावर नव्हे.

खरी परीक्षा मात्र रिफायनरीने घेतली. वर्षाला सहा कोटी टन तेल शुद्ध करणारा प्रकल्प, तीन सरकारी तेल कंपन्या, जोडीला सौदी अराम्को. २०१७ मध्ये नाणार परिसरातल्या जमिनीसाठी अधिसूचना निघाली, तेव्हा उद्योगमंत्री होते शिवसेनेचे सुभाष देसाई. एप्रिल २०१८ मध्ये नाणारच्या सभेत, पक्षप्रमुख उद्धव ठाकरे यांच्या उपस्थितीत, ती रद्द झाल्याचे जाहीर करणारेही देसाईच. मुख्यमंत्री फडणवीसांनी लगोलग खुलासा केला, की हे मंत्र्यांचे वैयक्तिक मत! अधिसूचना प्रत्यक्षात रद्द झाली २०१९ च्या लोकसभेआधी, युती जुळल्यावर. पुढच्याच वर्षी खुद्द ‘सामना’त रिफायनरीची जाहिरात झळकली. जानेवारी २०२२ मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून बारसूची जागा सुचवली. एप्रिल २०२३ मध्ये तिथे माती परीक्षण सुरू झाले, तेव्हा खुर्चीवर दुसरे होते. मे महिन्यात ठाकरे बारसूकरांच्या पाठीशी उभे राहायला हजर.

या सगळ्यात तालुकाप्रमुखाने करायचे काय? वाडीवाडीत बैठका त्यानेच घ्यायच्या, चाकरमान्यांच्या मुंबई मंडळाला त्यानेच समजवायचे, आणि वरून फोन आला की कालच्या भाषणाचा आज खुलासाही त्यानेच करायचा. म्हणून सूचना अशी की बॅनर दोन्ही बाजूंनी छापावा. एका बाजूला ‘निषेध’, दुसऱ्या बाजूला ‘स्वागत’. नेत्यांचे फोटो तेच राहतील, त्यामुळे खर्चही वाचेल. सरकार बदलले की बॅनर उलटा टांगावा. सड्यावर अश्रुधूर खाणाऱ्या बायाबापड्यांना असा उलटायचा बॅनर नसतो, पण त्या काही पक्षाच्या कार्यकारिणीत नाहीत.

ही युक्ती पसंत नसेल, तर दुसरा उपाय आहे. तो महाग पडेल, आधीच सांगितलेले बरे. राजापूर तालुक्यातल्या प्रत्येक बाधित गावाच्या ग्रामसभेत आपल्या पक्षाची भूमिका लेखी मांडावी. जमीन किती एकर जाणार, पाणी कुठून आणणार, आंबा-काजूच्या बागांचे आणि मच्छीमारांचे काय, बारसूच्या कातळशिल्पांचे काय, आणि सत्ता मिळाली किंवा गेली तरी हीच भूमिका राहील का, एवढे त्यात असावे. खाली तालुकाप्रमुखाची नव्हे, पक्षप्रमुखांची सही हवी.

उमेदवारी अर्ज भरण्याच्या तारखेआधी हा कागद ग्रामपंचायतीत पोचता करावा, ही विनंती.

कळावे, लोभ आहेच, मताचे मात्र कागद वाचून ठरेल.

आपला,
एक मतदार