पीडीएफ आहे का?

नव्या मराठी पुस्तकाचं नाव व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून बघा. पुस्तक कसं आहे, असं कुणी विचारत नाही. ‘पीडीएफ आहे का?’ हाच पहिला प्रश्न. संध्याकाळपर्यंत कुणीतरी ती टाकतो आणि खाली हात जोडलेल्यांची रांग लागते.

लेखक हयात आहे, आवृत्ती जेमतेम पाचशेची आहे, तेव्हा ही चोरीच. तिला वाचनसंस्कृती म्हणू नका.

फोनवर वाचणाऱ्याला मात्र मी बोल लावणार नाही. बदलापूर ते सीएसएमटी लोकलने सुमारे ६८ किलोमीटर. नशीब असलं तर चौथी सीट, नाहीतर दाराशी एका पायावर. तिथे कोपर हलवायला जागा नसते, जाडजूड कादंबरी उघडणार कुठे? फोन अंगठ्यावर चालतो. त्या गर्दीत कुणी काचेवर पान उलटत असेल, तर तो पुरता वाचक आहे.

पण त्याने पैसे मोजून ई-पुस्तक घ्यायचं ठरवलं, तर? बहुतेकदा ते मिळतच नाही. डिसेंबर २०१६ मध्ये किंडलवर मराठी पुस्तकं आली, नोव्हेंबर २०१७ मध्ये स्टोरीटेल भारतात आलं आणि मराठी ऐकता येऊ लागलं. तरीही कितीतरी प्रकाशक अजून ‘ई-बुक काढलं की चोरी होते’ एवढंच सांगतात. अहो, चोर छापील पुस्तकच स्कॅन करतो! ई-आवृत्ती न काढून तुम्ही चोराला अडवलं नाही, गिऱ्हाईकाला अडवलंत.

त्यांची एक अडचण खरी आहे. जुनी पुस्तकं श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये जुळवलेली. ती युनिकोडमध्ये आणताना रफार भलत्या अक्षरावर जातो, जोडाक्षरं फुटतात आणि अख्खं पुस्तक पुन्हा तपासावं लागतं. मुद्रितशोधकाला पैसे द्यावे लागतात. ते द्या. सरकारनेही वाटा उचलावा. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. छापील आवृत्ती असलेल्या ई-पुस्तकावरचा कर २०१८ मध्ये १८ टक्क्यांवरून ५ वर आणला, शून्यावर नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा सत्कार खूप झाले. हा कर काढण्याची मागणी त्यात कुठे होती?

आता आपल्या गावाकडे या. बदलापुरात श्याम जोशी या शिक्षकाने ‘ग्रंथसखा’ वाचनालय उभं केलं. दुर्मिळ मराठी पुस्तकं, जुनी नियतकालिकं, ज्यांच्यासाठी अभ्यासक लांबून इथे येतात. पिवळ्या पडून कडेने तुटणाऱ्या अशा पानांचं स्कॅनिंग व्हायलाच हवं, त्याबद्दल वाद नाही. पण स्कॅन म्हणजे पानाचा फोटो. त्यात शब्द शोधता येत नाही, अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते, अंध वाचकाचं यंत्र ते वाचून दाखवू शकत नाही. त्या फोटोतून मजकूर काढून तो तपासला, तरच पुस्तक फोनवर खऱ्या अर्थाने वाचता येतं.

आणि इथे कायदा आपल्या बाजूने आहे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणजे २०११ पासून त्यांचं लेखन सर्वांना खुलं आहे. हरि नारायण आपटे आणि राम गणेश गडकरी तर त्याच्याही किती आधी मोकळे झाले. ही पुस्तकं वाटा, हवी तितकी वाटा.

मराठी विकिस्रोतावर नेमकं हेच काम चालतं: एका बाजूला स्कॅन, दुसऱ्या बाजूला मजकूर, आणि चुका दुरुस्त करणारे स्वयंसेवक. पैसे लागत नाहीत, पदवी लागत नाही, ऱ्हस्व-दीर्घाची चाड लागते. अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूरच्या कॉलेजांतल्या मराठी विभागांनी यंदाच्या प्रकल्पाला हेच काम द्यावं, प्रत्येक विद्यार्थ्याला वीस पानं. पीडीएफ मागणाऱ्या प्रत्येक ग्रुपनेही एकेक जुनं पुस्तक वाटून घ्यावं, आणि ॲडमिनने पहिलं पान स्वतः तपासावं.