तांजिरोचे वडील

घरात एसआर गोंदाचा वास सुटला की शेजाऱ्यांना वाटतं, फर्निचर निघालं. आमच्याकडे दिवाळीपासून तो वास होता आणि त्यातून निघालं ते असं: फोमची एक तलवार, तोंडात धरायची बांबूची नळी आणि पाठीला अडकवायची एक लाकडी पेटी. लेकीला मुंबई कॉमिक कॉनला नेझुको व्हायचं होतं आणि तिच्या मैत्रिणीला तांजिरो.

‘डीमन स्लेअर’ न पाहिलेल्यांसाठी (म्हणजे माझ्या वयाच्या बहुतेक शहाण्या माणसांसाठी) थोडक्यात सांगतो. कोळसा विकून पोट भरणाऱ्या एका घरावर राक्षसाचा हल्ला होतो. बाहेर गेलेला भाऊ, तांजिरो, सोडून सगळे मरतात, एक बहीण, नेझुको, वाचते, पण तीच राक्षसीण होते. तिने कुणाला चावू नये म्हणून तिच्या तोंडात बांबू. ऊन लागलं तर राक्षस भस्म होतात म्हणून दिवसा तिला पेटीत घालायचं आणि ती पेटी पाठीवर घेऊन भाऊ हिंडणार. कोयोहारु गोतोगे यांची ही चित्रकथा 2016 ते 2020 जपानी साप्ताहिकात चालली, 2019 ला तिची मालिका आली आणि 2025 च्या सप्टेंबरात तिचा एक सिनेमा आपल्याकडे लागला. सातच्या क्लासला कधीही न उठणारी आमची मुलगी त्या दिवशी पहिल्या खेळासाठी पहाटे आंघोळ करून तयार होती. माझा विरोध तिथेच संपला.

किमोनो शिवायला बायकोचे नेहमीचे लेडीज टेलर. त्यांनी मोबाइलवरचं चित्र मोठं करून पाहिलं, मग लहान करून पाहिलं.

“वहिनी, ही बाही का पिशवी?”

“बाहीच.”

“मग हात कुठून काढायचा?”

“वरून. खालचं नुसतं लोंबतं.”

“नुसतं लोंबायला अर्धा मीटर कापड?” पण माणूस हाडाचा कारागीर. जाताना विचारलंच, “पिको करून देऊ?”

तांजिरोच्या अंगरख्यावर हिरव्या-काळ्या चौकड्या असतात. तसं कापड मिळेना. मग ठिपक्यांच्या रांगोळीत हयात घालवलेल्या माझ्या आईने हिरव्या कापडावर खडूने चौकोन आखून दिले आणि आम्ही सगळे हॉलमध्ये पालथे पडून ते काळे करत बसलो. एक चौकोन फरशीवर गेलाय. तो आता घराचाच झाला.

डोंबिवलीहून लोकलने निघालो. मला वाटलं होतं, डबा थबकून बघेल. एकाने मान वर केली आणि म्हणाला, “पेटी पुढे घे गं, बाळा.” झालं. तांजिरोने निमूट राक्षसीण पोटाशी धरली आणि कुर्ल्यापर्यंत तशीच उभी राहिली. खरी राक्षसीण शेजारीच, तोंडात बांबू घेऊन. तिला मी चहा विचारला. ती नुसती ‘म्म्म’ म्हणाली. घरी तरी याहून जास्त काय बोलते?

बीकेसीच्या त्या चकचकीत कन्व्हेन्शन सेंटरच्या दारात शस्त्रतपासणी होते. रांगेत कुऱ्हाडी, धनुष्यं, माणसाएवढ्या तलवारी. सिक्युरिटीवाला प्रत्येक पातं वाकवून बघतो आणि ते वाकलं की खूश होऊन आत सोडतो. इतकी निरुपद्रवी फौज मी पाहिलेली नाही.

आत गेल्यावर माझं खरं काम सुरू झालं. तलवार उपसून पोझ द्यायची तर पाठीवर पेटी नको, म्हणून पेटी माझ्या पाठीवर. शिवाय पाण्याच्या बाटल्या, चपला, चार्जर, फेविक्विक आणि डबा. एका खांबाला टेकलो तर तिथे माझ्यासारखेच आधीपासून टेकलेले. एका बाईंनी मंगळसूत्रालाच सेफ्टीपिनांचा झुबका लावला होता, मागणी आली की एक काढून द्यायच्या. एक गृहस्थ आयर्न मॅनचे वडील.

“हात वाकत नाहीत हो त्याचे,” ते म्हणाले. “तासाला एकदा स्ट्रॉने पाणी पाजून येतो.”

पलीकडे छोट्या स्पायडरमॅनची आई बाथरूमच्या दिशेने धावत होती. चेन पाठीमागे असते त्या ड्रेसची, आणि मुलं शेवटच्या मिनिटाला सांगतात. व्यासपीठावर स्पर्धा होतात, बक्षिसं मिळतात, ती सगळी पोशाखवाल्यांना. खांबवाल्यांकडे कोणी ढुंकून बघत नाही. 2011 मध्ये दिल्ली हाटात देशातलं पहिलं कॉमिक कॉन भरलं. माझा कयास आहे, पहिल्या तासातच तिथे कुणाच्या तरी वडिलांना खांब सापडला असणार.

सोबत आलेल्या माझ्या आईला मात्र खांब लागला नाही. चित्रकारांच्या टेबलांमध्ये तिला अभिजीत किणींची ‘अँग्री मावशी’ भेटली. नऊवारीतली, संतापलेली.

“हिला काय झालं?”

“भ्रष्टाचाऱ्यांना बडवते ती, आजी.”

आईने चष्मा सारखा करून नीट पाहिलं. “काष्टा घट्ट आहे. बडवेल.” आणि कॉमिक विकत घेतलं. मी रामरक्षेची छोटी पुस्तिका आणली होती तेव्हा तिने किंमत जास्त म्हणून परत करायला लावली होती.

एवढ्यात एक मुलगा थेट माझ्यासमोर येऊन कमरेत वाकला. “काका, काय सटल कॉस्प्ले आहे! तांजुरो ना?”

मी पेटीसह लेकीकडे बघितलं. तिने त्या दिवसात पहिल्यांदाच बांबू काढला. “तांजिरोचे वडील. गोष्ट सुरू व्हायच्या आधीच आजारपणात गेलेले असतात.”

“एकदम तसेच खंगलेले दिसता, काका!” मुलगा भारावला होता. “मेकअप कुणी केला?”

मग रांगच लागली. नेझुको, तांजिरो आणि मध्ये मी. पुढे-पुढे तर लेकीला जरा बाजूला व्हायला सांगून माझे एकट्याचे फोटो निघाले. एका मुलीने सुचवल्यावर मी हलकेच खोकलोसुद्धा. खांबापाशी आयर्न मॅनचे वडील अंगठा वर करून उभे होते.

रात्री जेवायला बसलो तर बायकोच्या मोबाइलवर नागपूरहून माझ्या बहिणीचा फोन. आवाज रडवेला. “वहिनी, दादाला काय झालं गं? मला का नाही कळवलं?”

तिच्या मुलाला इन्स्टाग्रामवर माझा फोटो दिसला होता. खाली शेकडो मुलांनी हात जोडून श्रद्धांजली वाहिली होती. बायकोने फोन माझ्याकडे दिला.

“अगं, जिवंत आहे मी,” मी म्हटलं. “ते नाटकातलं होतं. मेकअपसुद्धा केला नव्हता.”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “दादा, उद्या सकाळी उपाशीपोटी रक्त तपासून घे.”