हेतुपुरस्सर नसलेला उशीर

दफ्तरदिरंगाईला कायद्याची शिस्त लावल्याबद्दल महाराष्ट्राचे अभिनंदन करावे तेवढे थोडे. विलंबास प्रतिबंध करणाऱ्या या कायद्यानुसार एका कर्मचाऱ्याकडे फाइल साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. ‘साधारणपणे’ हा शब्द ज्याने घातला, त्याला मंत्रालयाची नस कळली होती.

सातव्या दिवशी दुपारी लाल फीत सुटते, समासात हिरव्या शाईत ‘चर्चा करावी’ असे उमटते आणि फाइल परत खाली येते. विलंब कुठे झाला? फाइल तर फिरतेच आहे! सहायक कक्ष अधिकारी, कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव. प्रत्येक टेबलावर नवे सात दिवस. एकूण मुदत पंचेचाळीस दिवसांची. पण दुसऱ्या विभागाकडे जावे लागले तर थेट तीन महिने. त्यामुळे वित्त विभागाचे अभिप्राय मागवण्याची दूरदृष्टी अंगी बाणवलेली बरी.

शिस्तभंगाची कारवाई होते ती हेतुपुरस्सर विलंबाबद्दल किंवा हयगयीबद्दल. म्हणजे निर्हेतुक उशीर निर्दोष ठरतो. तेव्हा यापुढे भरतीच्या वेळीच उमेदवाराचा विसराळूपणा तपासावा, प्रमाणपत्र द्यावे आणि सेवापुस्तकात त्याची नोंद घ्यावी. हेतूच नसलेली माणसे टेबलामागे बसली की राज्यातून दिरंगाई कायमची हद्दपार.

कायदा लागू झाला २००६ साली. विलंब रोखण्यासाठीचे त्याचे नियम आले २०१३ साली.